वहिनी मागे, मी पुढे

माझी वहिनी डावखुरी आहे आणि मी उजव्या हाताने खेळते. बॅडमिंटन डबल्सच्या कोर्टावर आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो की एक तर आमचे दोन्ही फोरहँड मधल्या रेषेकडे येतात, नाही तर दोन्ही बॅकहँड. वहिनी उजवीकडे आणि मी डावीकडे असले, तर मधोमध आलेलं फूल (शटल) दोघींनाही आपलंच वाटतं आणि दोन रॅकेटी एकमेकींवर आपटतात. उलट उभ्या असलो, तर तेच फूल दोघींच्याही बॅकहँडला येतं आणि दोघींच्या मधून खाली पडतं. कोण कुठे उभं राहणार हे आपल्या हातात असतं तर प्रश्न सोपा होता. पण आपले गुण सम असले तर सर्व्हिस उजवीकडून, विषम असले तर डावीकडून करावी लागते, आणि रॅली सुरू झाली की दर फटक्यागणिक जागा बदलत जातात. डबल्समध्ये खरी मेहनत हातापेक्षा जागेची असते, हे मला वहिनीबरोबर खेळू लागल्यावर कळायला लागलं.

आम्ही पुण्यात, घराजवळच्या एका हॉलमध्ये सकाळच्या बॅचला खेळतो. एकोणिसाव्या शतकात इथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळायचे आणि तेव्हा त्याला ‘पूना’ असंही म्हटलं जायचं. हॉलमध्ये कुणी नवीन आलं की वहिनी ही गोष्ट आवर्जून सांगते. तिचा या खेळावर फार जीव. कॉलेजच्या संघात होती. तेव्हा गेम पंधराचा होता, सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळायचा, आणि डबल्समध्ये एकीची सर्व्हिस गेली तरी दुसरीची शिल्लक असायची. पुढे लग्न, नोकरी, दोन मुलं यांत खेळ सुटला. ती परत आली तेव्हा सगळं बदललेलं होतं. 2006 पासून गेम एकवीसचा, प्रत्येक रॅलीला गुण, आणि दुसरी सर्व्हिस नाहीच. चूक भरून काढायला पूर्वी जो वेळ मिळायचा तो आता मिळत नाही. म्हणून पहिल्या फटक्यापासून आपण नीट उभ्या असायला हव्यात, असं तिचं म्हणणं.

आधी ती दादाबरोबर मिक्स्ड खेळायची. मिक्स्डमध्ये बाई पुढे आणि पुरुष मागे, ही वाटणी आमच्या हॉलमध्ये कुणी विचार न करताही होते. त्यामागे कारण आहे. समोरच्या पुरुषाचा स्मॅश मागे राहून झेलण्यापेक्षा बाईने नेटजवळ राहून फूल खालीच ठेवायला लावणं जास्त उपयोगाचं असतं. पण वहिनीचा स्मॅश चांगला जोरकस आहे, आणि तो मारायची संधी तिला क्वचितच मिळायची. दादाच्या गुडघ्याने दगा दिल्यावर ती एक दिवस मला म्हणाली, “अगं, तू पुढे उभी राहा. मला जरा मागून मारू दे.” आमची जोडी अशी जमली. वहिनी मागे, मी पुढे.

एवढंच असतं तर ते शिकायला एक सकाळ पुरली असती. डबल्सचं कोर्ट 13.40 मीटर लांब आणि 6.10 मीटर रुंद. त्यातलं अर्धं आपलं, म्हणजे साधारण 41 चौरस मीटर. दोघींनी ते कसंही वाटून घेतलं तरी कुठे ना कुठे भोक राहतंच. एक पुढे, एक मागे उभी राहिली तर दोन्ही कडेच्या पट्ट्या मधल्या भागात उघड्या पडतात. शेजारी शेजारी राहिलं तर बाजू झाकल्या जातात, पण नेटजवळची जागा आणि दोघींच्या मधली फट उघडी राहते. भोक बुजवता येत नाही. समोरच्यांना त्या क्षणी जिथे मारता येणार नाही तिथेच ते राहील, एवढी काळजी घेता येते. आपण फूल खाली मारलं असेल, तर समोरच्यांना ते खालून उचलावं लागतं आणि कडेने जोरात मारणं त्यांना अवघड जातं. अशा वेळी पुढे-मागे उभं राहणं योग्य. आपण फूल वर उचललं असेल, तर स्मॅश कुठेही येऊ शकतो. मग चटकन शेजारी व्हायचं. म्हणजे मी कुठला फटका मारते त्यावर वहिनी कुठे उभी राहणार हे ठरतं. मी नेटवरून फूल उचललं की तिला लगेच बचावात जावं लागतं, तिची तयारी असो वा नसो. हे पक्कं लक्षात आल्यापासून मी फूल उचलण्याआधी स्वतःला विचारते, याची गरज आहे का? पुष्कळदा नसते. तिथल्या तिथे ठेवलेला नेट किंवा अंगावर केलेला पुश पुरतो, आणि वहिनी मागे मारायच्या पवित्र्यात राहते.

आमच्या हॉलमध्ये एक जोडी आहे, वयाने आमच्याहून बरीच मोठी. दोघींपैकी एकीचाही स्मॅश जोरात नाही. पण माझी सर्व्हिस आली की त्यांतली एक रॅकेट नुसती टेकवून फूल कडेला सोडते. माझ्या हाताच्या थोडं मागे, वहिनीच्या हाताच्या थोडं पुढे. ना जोर, ना उंची. मी मागे वळून हात टाकला तर फटका लुळा पडतो, आणि वहिनी पुढे धावली तर तिची मागची सगळी बाजू मोकळी. बरेच दिवस या एका फटक्यावर आम्ही त्यांना गुण देत होतो. हॉलमधल्या सरांनी एकदा जाळीबाहेर उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, “ते फूल मागच्या खेळाडूचं. पुढची मागे धावत गेली तर जोडी मोडते. मागची घेते आणि पुढे येते, मग पुढचीने दुसऱ्या बाजूने मागे जायचं.”

हे दुसऱ्या बाजूने जाणं म्हणजेच रोटेशन. वहिनी डावीकडून पुढे येत असेल तर मी उजवीकडून मागे. ती उजवीकडून आली तर मी डावीकडून. दोघी एकाच फेऱ्यात फिरतो, समोरासमोर, फुगडीसारख्या. एक थांबली की दुसरीचा तोल जातो. ऐकायला सोपं आहे. अवघड जातं ते निघण्याचं. नेटजवळची जागा हातात आली की सोडवत नाही. तिथे फूल नजरेच्या उंचीवर येतं, जरा हात लावला की गुण. वहिनी मागून पळत पुढे येतेय हे जाणवत असूनही पाय तिथून हलायला तयार नसतात. त्यासाठी आम्ही वेगळा सराव केला, फुलाशिवाय. सर हाताने दिशा दाखवत, वहिनी पुढे येई, मी मागे जाई, परत उलट. हॉलमधल्या मुली थांबून बघत. पंधरा-वीस मिनिटांत धाप लागायची. पण पाय शिकतात ते असेच. रॅलीत डोक्याला विचार करायला वेळ नसतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. पुढे उभ्या असलेलीने मागे वळून जोडीदाराकडे बघायचं नसतं. पहिलं कारण डोळ्याला फूल लागण्याचं, आणि ते थट्टेचं नाही. दुसरं कारण असं की मान वळवेपर्यंत समोरचा फटका येऊन गेलेला असतो. मग वहिनी मागे काय करतेय हे मला कळणार कसं? ते समोरच्या दोघींच्या अंगावरून कळतं. वहिनी स्मॅश मारणार असेल तर त्या गुडघ्यात वाकतात, रॅकेट पोटासमोर आणतात, टाचा उचलतात. ती ड्रॉप टाकणार असा अंदाज आला तर त्यांतली एक पुढे झुकते. टॉस जाणार असं दिसलं तर खांदे सैल सोडून दोघी मागे सरकतात. मी माझ्या जोडीदाराकडे बघते ती अशी, समोरच्यांच्या अंगातून. आवाजही मदत करतो. पिसाच्या फुलाला सोळा पिसं असतात, आणि भरीव स्मॅशचा आवाज कापलेल्या ड्रॉपपेक्षा अगदी निराळा येतो. नायलॉनच्या फुलावर हा फरक बोथट होतो. म्हणून परवडेल तेव्हा आम्ही पिसाचंच फूल काढतो.

पुढे उभं राहायची माझी जागा सर्व्हिसच्या आडव्या आणि मधल्या उभ्या रेषेच्या सांध्यावर, ज्याला सगळे ‘टी’ म्हणतात, त्याच्या एक पाऊल मागे. नेटला अगदी चिकटून राहिलं तर फूल डोक्यावरून जातं. वहिनी ज्या कोपऱ्यातून मारतेय त्या बाजूला मी थोडी सरकते, कारण सरळ स्मॅशचं उत्तर बहुतेकदा सरळच येतं आणि ते मला मध्येच अडवता येतं. वहिनीने तिरका स्मॅश मारला तर मात्र सरळ येणारं उत्तर माझ्या आवाक्याबाहेर जातं आणि तिलाही तिथे पोचता येत नाही. पूर्वी ती तिरकाच जास्त मारायची. डावखुऱ्या हाताने डाव्या कोपऱ्यातून मारलेला तिरका स्मॅश फार सुंदर दिसतो. मी सांगून पाहिलं, “वहिनी, सरळ मारा किंवा दोघींच्या मध्ये मारा, उत्तर मी घेते.” तिला पटायला वेळ लागला. चांगला जमलेला फटका मुद्दाम कमी वापरायचा म्हणजे मनाला जड जातंच. आता ती दोघींच्या मधल्या फटीवर मारते, समोरच्या दोघी क्षणभर एकमेकींकडे बघतात, फूल नेटवर ढिलं येतं आणि मी ते मारते. गुण माझ्या रॅकेटवर पडतो. टाळ्याही मलाच मिळतात. तो गुण वहिनीचा आहे हे मी दर वेळी मोठ्याने सांगते.

टीव्हीवर मॅच बघण्याची आमची रीतही बदलली. 15 मे 2022 ला बँकॉकमध्ये थॉमस कपच्या फायनलमध्ये भारत आणि इंडोनेशिया समोरासमोर होते. लक्ष्य सेनने पहिली मॅच जिंकून दिली होती, आणि दुसरी डबल्सची होती. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि आपला मुंबईचा चिराग शेट्टी, समोर मोहम्मद अहसान आणि केविन संजया. पहिला गेम 18-21 गेला. दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवत 23-21, आणि तिसरा 21-19. त्या दिवशी घरात सगळ्यांचे डोळे फुलावर होते. नंतर आम्ही दोघींनी ती मॅच परत बघितली, पण ज्याच्याकडे फूल नाही त्याच्याकडे लक्ष देऊन. अहसान कितीतरी वर्षांचा मुरलेला, केविन नेटवर विजेसारखा. आपले दोघे मूळचे मागून मारणारे. मलेशियन प्रशिक्षक तान किम हर यांनी त्यांची जोडी लावली तेव्हा दोघांनाही मागची जागाच आवडायची. तरीही त्या मॅचमध्ये पुढची जागा कुणीतरी सतत धरून ठेवतो, आणि एक आत आला की दुसरा न बोलता बाहेर पडतो. सात्त्विकच्या स्मॅशचा वेग पुढे 2023 मध्ये चाचणीत ताशी 565 किलोमीटर मोजला गेला आणि विक्रम म्हणून नोंदला गेला. तो आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. पण एवढा स्मॅशसुद्धा परत येतो, आणि परत आलेल्या फुलावर पुढे कुणी उभं असलं तरच त्याचा गुण होतो. वहिनी बघता बघता म्हणाली, “मारणाऱ्याला सगळे बघतात गं. तो दुसरा कसा सरकला ते बघ.” हॉलमध्ये शिकायला येणाऱ्या मुलांनाही ती आता हेच सांगते.

बायकांच्या डबल्सचं गणित मात्र पुरुषांपेक्षा वेगळं आहे. आमच्यात एका स्मॅशवर रॅली संपत नाही. मोठ्या स्पर्धांतही बायकांच्या डबल्सच्या रॅली फार लांबतात, कारण बचाव चिवट असतो. म्हणजे शेजारी शेजारी उभं राहून झेलण्याचा वेळ जास्त, आणि तिथे आमचा पहिला प्रश्न परत येतो. मधलं फूल कुणाचं? दोघी उजव्या हाताच्या असतील तर डावीकडच्या खेळाडूचा फोरहँड मधे असतो आणि बहुतेक जोड्या ते तिच्यावर सोडतात. आमच्यात एकीचा डावा हात, त्यामुळे हा नियम चालत नाही. आम्ही आता हात बघतच नाही. समोरची ज्या कोपऱ्यातून मारतेय तो बघतो. तिच्या सरळ समोर असलेलीने आपली कड सांभाळायची. तिरक्या बाजूला असलेलीने मधे सरकून मधलं फूल घ्यायचं, कारण तिला फूल यायला एक कण वेळ जास्त मिळतो आणि तिरका स्मॅश तिच्या अगदी कडेला जाण्याची शक्यता कमी असते. फोरहँड असो वा बॅकहँड, ते फूल तिरक्या बाजूचीचं. हे ठरल्यापासून रॅकेटी आपटत नाहीत. तरी शंका आली की आवाज द्यायचा. मी ‘घ्या’ म्हणते, ती ‘घे’ म्हणते.

डावखुरेपणाचा फायदाही मोठा आहे, आणि तो आम्ही उशिरा वापरायला लागलो. उजव्या हाताच्या खेळाडूला मागचा डावा कोपरा त्रासाचा. डोक्यावरून हात फिरवून मारावं लागतं आणि शरीर बाहेर फेकलं जातं. वहिनीला तोच कोपरा फोरहँडचा. मला उजवा. म्हणजे मागचे दोन्ही कोपरे आमच्याकडे फोरहँडचे होऊ शकतात, फक्त फिरणं नीट जमायला हवं. त्यामुळे उजव्या कोपऱ्यात उंच फूल गेलं आणि मी जवळ असले, तर वहिनी पुढे राहते आणि मी मागून मारते. चीनची जिया यिफान डावखुरी आहे आणि चेन चिंगचेन उजव्या हाताची. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 ला सुवर्णपदक मिळवणाऱ्या या जोडीच्या मॅच बघताना मी मुद्दाम बघते की कुठल्या कोपऱ्यात कोण जातंय. त्या दोघींत कुणी कायमची पुढची नाही आणि कुणी कायमची मागची नाही.

आम्ही आमच्या गटाच्या एका क्लब स्पर्धेत उतरलो तेव्हा उपांत्य सामन्यात ती कडेला फूल सोडणारी जोडीच समोर आली. तिसऱ्या गेमला मी सर्व्हिस करत होते, 17-17. विषम गुण, म्हणून डावीकडून सर्व्हिस, वहिनी मागे. अपेक्षेप्रमाणे फूल कडेला आलं, माझ्या डाव्या हाताला. मी हात टाकला नाही. वहिनीने ते कमरेच्या उंचीवर घेतलं आणि सरळ कडेने परत दाबलं. ती डावीकडून पुढे येत होती, मी उजवीकडून मागे निघाले. समोरून फूल उचललं गेलं ते नेमकं मागच्या उजव्या कोपऱ्यात, आणि मी तिथे पोचलेलीच होते. स्मॅश फार जोराचा नव्हता, पण दोघींच्या मधे होता. नेटवर ढिलं परत आलं आणि या वेळी पुढे वहिनी होती. तिने ते खाली ठोकलं. मॅच आम्ही 21-18 ने जिंकली. फायनल हरलो, एका तरुण जोडीशी, आणि त्या आमच्याहून सरस खेळल्या. तरी मला आठवते ती उपांत्य सामन्यातली रॅली, कारण तीत दोघींपैकी कुणीही बोललं नव्हतं.

आता वहिनीच्या गुडघ्यालाही जपावं लागतं. डॉक्टरांनी खेळू नका म्हटलेलं नाही, उड्या मारू नका म्हटलंय. म्हणून आम्ही वाटणी पुन्हा बदलतोय. ती जास्त वेळ पुढे राहते, आणि नेटवर तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. उडी मारून घ्यायची मागची फुलं माझी. डाव्या कोपऱ्यात उंच फूल गेलं तर ते डोक्यावरून घ्यायला मी शिकतेय. खांदा अजून नीट फिरत नाही. सर म्हणतात कोपर वर ठेवा आणि उजवा पाय आधी मागे टाका. शनिवारी बॅच संपल्यावर वहिनी त्या कोपऱ्यात मला फुलं उडवून देते. पिसाची टोपली संपली की मी ती गोळा करते, आणि ती पुन्हा सुरू करते.